उलट आणि उशिरा

रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी संपादक मंडळाने माझ्याकडे लेख मागितला, तेव्हा इतिहासाचा शिक्षक संस्थेच्या वाटचालीचा आढावा घेईल अशी त्यांची अपेक्षा असावी. तो आढावा याच अंकात माझ्याहून जाणत्या मंडळींनी घेतलेला आहे. मला लिहावयाचे आहे ते यंदा मार्चमध्ये आपल्या सभागृहात झालेल्या ध्वनिमुद्रणाविषयी, आणि त्यातही एका लहानशा प्रश्नाविषयी. एकाच ढोलकीभोवती अनेक माइक ठेवले असता आवाज वाढण्याऐवजी कमी का होतो? हा प्रश्न विज्ञानाच्या शिक्षकांचा आहे हे खरे. पण त्या दिवशी त्यात एका माणसाची अब्रू गुंतली होती, म्हणून तो माझाही झाला.

आपल्या वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात पहिल्या दिवसापासून काम केलेले काकाजी बहुतेक माजी विद्यार्थ्यांना ठाऊक आहेत. त्यांचे नाव मी मुद्दाम देत नाही; ते स्वतः त्यास राजी नाहीत, आणि काकाजी म्हटल्यावर आणखी काही सांगावे लागत नाही. पंचवीस वर्षे त्यांनी आपल्याला पोळ्या वाढल्या आणि पंचवीस वर्षे १४ एप्रिलच्या कार्यक्रमात ढोलकी वाजवली. आपल्या चळवळीत या वाद्याचे स्थान काय, हे या अंकाच्या वाचकाला नव्याने सांगण्याचे कारण नाही. १९३० च्या दशकात भीमराव कर्डकांसारख्या कलावंतांनी तमाशाचा बाज आणि ठेका घेऊन त्यात जागृतीचा आशय भरला आणि आंबेडकरी जलसा उभा केला. पुढे वामनदादा कर्डकांची (१९२२–२००४) गाणी खेड्यापाड्यांत आणि शहरांच्या वस्त्यांत पोहोचली. ढोलकी त्या प्रवासात सतत बरोबर होती. काकाजींचा हात त्याच परंपरेतला आहे. त्यांनी तो कोणत्याही वर्गात बसून शिकलेला नाही.

महोत्सवानिमित्त मुलांच्या आवाजात पाच गाणी मुद्रित करावीत आणि ढोलकी काकाजींनीच वाजवावी, असे समितीने ठरवले. बाहेरच्या स्टुडिओचा खर्च परवडणारा नव्हता. आपलाच एक माजी विद्यार्थी लग्नकार्यांत आणि सभांमध्ये साउंड सिस्टीमचे काम करतो. त्याने आपले यंत्र, पाच माइक आणि लॅपटॉप आणण्याची तयारी दाखवली. सभागृहाच्या भिंतींना वसतिगृहातील गाद्या टेकवण्यात आल्या, जमिनीवर दऱ्या अंथरल्या, पंखे बंद केले. कळमन्यात राहणाऱ्यास पुढचे सांगावयास नको. मार्केट यार्डाकडे जाणाऱ्या ट्रकांचे हॉर्न आणि कळमना स्टेशनातून जाणाऱ्या मालगाड्या यांच्या मधल्या वेळेत जे मुद्रित होईल ते आपले. मालगाडी कानाला फारशी जाणवत नसली तरी तिची खालच्या पट्टीतली घरघर जमिनीतून माइकच्या दांड्यावर चढते. पहिल्या दिवशी आमचा निम्मा वेळ गाडी जाण्याची वाट पाहण्यातच गेला.

पाचांपैकी तीन माइक ढोलकीसाठी होते. एक उजव्या पुडीसमोर, जिच्यावर शाई असते आणि जिच्यातून टणत्कार निघतो. एक डाव्या पुडीसमोर, जिला धुम म्हणतात आणि जिचा घुमारा गाण्याला जमिनीवर उभे करतो. आणि तिसरा समोर मीटरभर अंतरावर, दोन्ही हातांचा मिळून होणारा आवाज टिपण्यासाठी. उरलेले दोन मुलांपुढे. मुद्रण करणारा मुलगा हेडफोन लावून बसला होता. त्याच्या डाव्या कानात धुमेचा माइक, उजव्या कानात शाईचा. त्याला सारे ठीक वाटले.

संध्याकाळी पहिले गाणे समितीच्या सदस्यांना ऐकवण्यात आले ते मोबाइलवर. मुलांचे आवाज स्वच्छ होते. शाईचे बोलही होते. धुम जवळजवळ नव्हती. ढोलकी वाजत होती, पण पत्र्याच्या डब्यावर कोणी बोटे वाजवावीत तशी. ऐकणाऱ्यांपैकी एक जण सहज म्हणाले, “वयोमानाने हात उतरतोच. डाव्या हातात आता दम राहिला नाही.” दुसऱ्याने सुचवले की उरलेल्या चार गाण्यांना ऑक्टोपॅड लावावा; आजकाल सगळीकडे तोच असतो, भाड्याने मिळतो, वाजवणाराही मिळतो. बोलणाऱ्यांच्या मनात दुष्टावा नव्हता. पण काकाजी दाराशीच उभे होते.

ते आत आले आणि शांतपणे म्हणाले, “सर, हात तोच हाये. आवाज कुठं गेला ते त्या मशीनले विचारा.”

मला हे उत्तर पटले, आणि त्याचे कारण भावनिक नव्हते. त्या सकाळी मी त्यांच्यापासून दहा फुटांवर बसलो होतो आणि धुमेचा प्रत्येक ठोका मला छातीत जाणवला होता. एखादी घटना डोळ्यांसमोर घडलेली असताना कागदपत्रांत तिचा मागमूस नसेल, तर इतिहासाचा अभ्यासक आधी कागद कसा तयार झाला याची चौकशी करतो. इथे कागद म्हणजे ते ध्वनिमुद्रण होते. समितीकडून मी आठ दिवसांची मुदत मागून घेतली.

पुढल्या रविवारी आपल्या माजी विद्यार्थ्याने मला लॅपटॉपसमोर बसवले आणि तिन्ही माइकांच्या पट्ट्या वेगवेगळ्या ऐकवल्या. डाव्या माइकच्या पट्टीत धुम होती, भरपूर होती. उजव्या माइकमध्येही तिचा अंश होता. दोन्ही एकत्र केल्या की ती क्षीण होई. “सर, हेडफोनमध्ये दोन कान वेगळे असतात म्हणून मला कळलं नाही. मोबाइलच्या एका स्पीकरात दोन्ही एक होतात, तिथे ती मरते,” तो म्हणाला. वस्तीतला भोंगा, मिरवणुकीच्या ट्रकवरची पेटी, अंगणवाडीतला रेडिओ, आपल्या मुलांच्या हातातला फोन: आपला समाज गाणे ऐकतो ते बहुतांश असेच, एकाच तोंडातून. हेडफोनात चांगले आणि भोंग्यात फिके असे मुद्रण आपल्या उपयोगाचे नाही.

आता यातील विज्ञान. ते मी त्या मुलाकडून, नववीच्या पुस्तकातील ध्वनीच्या धड्यावरून आणि आपल्या विज्ञान शिक्षकांच्या मदतीने समजून घेतले आहे.

ढोलकी म्हणजे दोन्ही तोंडांना कातडे मढवलेले पोकळ खोड. डाव्या पुडीवर थाप पडली की ती पुडी आत जाते, म्हणजे आपल्या माइकपासून दूर जाते. खोडातली हवा दाबली जाते आणि ती उजव्या पुडीला बाहेर, म्हणजे त्या बाजूच्या माइककडे ढकलते. एकच थाप, पण डावा माइक सांगतो ‘हवा विरळ झाली’ आणि उजवा त्याच क्षणी सांगतो ‘हवा दाबली गेली’. एकाची रेघ शून्याच्या खाली जाते, दुसऱ्याची वर. दोघांची बेरीज केली की घुमाऱ्याचा मोठा भाग वजा होतो. दोघेही खरे बोलत असतात, कारण दोघे वाद्याच्या परस्परविरुद्ध बाजूंना उभे असतात.

आपल्या शाळेच्या बँडपथकातील साइड ड्रमची गोष्ट हीच आहे. त्याच्या खालच्या कातड्याला तारा लावलेल्या असतात आणि त्यांचा खरखराट टिपण्यासाठी पाश्चात्त्य ड्रमच्या मुद्रणात वर एक आणि खाली एक असे दोन माइक लावण्याची पद्धत आहे. काठी वरून पडते, दोन्ही कातडी खाली जातात. वरच्या माइकपासून कातडे लांब जाते, खालच्या माइककडे येते. म्हणून खालचा माइक उलटवून घेणे हा तिथला नेहमीचा रिवाज आहे.

या उलटेपणास ध्रुवता म्हणतात. विजेरीत सेल उलटा घालणे म्हणजे ध्रुवता बदलणे. त्यात वेळेचा काही संबंध नाही. जे वर होते ते खाली, जे खाली होते ते वर; त्याच क्षणी, आणि जाड-बारीक सर्व स्वरांसाठी एकसारखेच. त्यावरचा उपायही तितकाच सोपा असतो. ध्वनिमिश्रकावर प्रत्येक माइकसाठी एक बटण असते, त्यावर शून्य आणि त्यावर तिरकी रेघ असे चिन्ह असते. ते दाबले की त्या माइकची ध्रुवता उलटते.

अडचण अशी की या बटणाला सगळे ‘फेजचे बटण’ म्हणतात. आमचा मुलगाही तसेच म्हणत होता. शब्द चुकीचा वापरला तरी काम होते, असे व्यवहारी माणसे म्हणतात. माझा अनुभव असा नाही. चुकीच्या नावामुळे चुकीचा उपाय सुचतो, आणि तो लागू पडला नाही की दोष तिसऱ्याच्या माथी जातो. त्या रविवारी तेच घडू लागले होते.

त्याने डाव्या माइकचे बटण दाबले. डावा आणि उजवा मिळून धुम परत आली, आणि आम्ही दोघेही खूश झालो. मग समोरचा, मीटरभर अंतरावरचा माइक त्यात मिसळला. धुम पुन्हा बसली. त्याने समोरच्या माइकचे बटण दाबले. आता घुमारा थोडा सुधारला, पण मधलाच कुठला तरी आवाज पोकळ झाला. पुन्हा दाबले, पोकळपणा दुसरीकडे सरकला. चार-पाच वेळा हे झाल्यावर तो वैतागून म्हणाला, “सर, वाद्यच तसं असेल.”

वाद्य तसे नव्हते. समोरच्या माइकची तक्रार मुख्यतः वेगळ्या जातीची होती. तो उशिरा ऐकत होता.

मार्च महिन्यातल्या हवेत ध्वनी सेकंदाला साधारण ३४५ मीटर जातो, म्हणजे एका मिलिसेकंदात जेमतेम ३४ ते ३५ सेंटिमीटर. (नागपूरच्या मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला की हा वेग ३५७ च्या आसपास पोहोचतो आणि डिसेंबरच्या पहाटे ३३८ पर्यंत उतरतो, एवढ्याशा अंतरात त्याने फरक पडत नाही.) जवळचे माइक पुडीपासून १५ सेंटिमीटरवर होते, समोरचा १०० सेंटिमीटरवर. ८५ सेंटिमीटरचा फरक म्हणजे सुमारे अडीच मिलिसेकंदांचा उशीर. माणसाच्या कानाला हा उशीर उशीर म्हणून कळत नाही. पण सेकंदाला २०० वेळा कंप पावणाऱ्या स्वराचे एक आवर्तन पाच मिलिसेकंदांचे असते. त्याच्या दृष्टीने अडीच मिलिसेकंद म्हणजे बरोबर अर्धे आवर्तन. एक माइक त्याचा चढ सांगत असताना दुसरा उतार सांगतो, आणि तो स्वर पुसला जातो. ४०० च्या स्वराचे या वेळात पूर्ण एक आवर्तन होते. तो पुन्हा जुळतो आणि उलट वाढतो. ६०० चा पुन्हा पुसला जातो, ८०० चा वाढतो. कंगव्याच्या दातांसारखी ही एक खाच आणि एक दात अशी रचना वरपर्यंत जाते. बटण दाबले की दात आणि खाचा आपापल्या जागा बदलतात, इतकेच. म्हणूनच त्या मुलाला पोकळपणा सरकताना ऐकू येत होता.

फेज हा शब्द आपल्याकडे विजेमुळे घरोघरी आहे. पिठाच्या गिरणीला थ्री फेज लागते, शेतातल्या पंपाला लागते. त्या तीन तारांत कोणती एक सुलटी आणि कोणती उलटी असे काही नसते. तिघींतून एकसारखाच प्रवाह येतो. एकीच्या मागून दुसरी आवर्तनाच्या तृतीयांशाने उशिरा, दुसरीमागून तिसरी तितक्याच उशिरा. आपल्या विजेचे आवर्तन २० मिलिसेकंदांचे, म्हणून हा उशीर पावणेसात मिलिसेकंदांच्या आतबाहेर. आणि तिन्हींवर सारखा भार असेल तर त्यांची बेरीज शून्य येते. कोणीही कोणाच्या विरुद्ध नसताना केवळ वेळेच्या अंतराने तिघे एकमेकांना पुसून टाकू शकतात, हे मला या उदाहरणावरून प्रथम नीट उमगले.

मराठी विज्ञान-परिभाषेत फेजला ‘कला’ हा शब्द आहे, चंद्राच्या कला म्हणतो तोच. मला तो इंग्रजी शब्दापेक्षा अधिक चांगला वाटतो, कारण त्यातून सगळा भेद उलगडता येतो. मुलांना मी तो असा सांगितला. समजा, आपले कॅलेंडर पंधरा दिवस मागे पडले. जिथे पौर्णिमा असावयाची तिथे जवळजवळ अमावास्या आली; चंद्राच्या चक्रात आपण पूर्ण विरुद्ध टोकाला गेलो. पण ऋतूंच्या चक्रात? पंधरा दिवस म्हणजे वर्षाचा चोविसावा भाग. वैशाखातले ऊन ऊनच राहिले. आता कॅलेंडर आणखी पंधरा दिवस मागे पडले, तर चंद्र पुन्हा जुळला, पौर्णिमेला पौर्णिमा आली. उशीर एकच, पण छोट्या चक्राला तो विरोध वाटतो, मोठ्या चक्राला किरकोळ वाटतो, आणि थोडा वाढला की छोट्या चक्राशी त्याचा मेळही बसतो. ही कला. ध्रुवता उलटणे म्हणजे मात्र एकही दिवस पुढेमागे न होता सर्व चक्रांनी एकदम पालटणे: पौर्णिमेच्या जागी अमावास्या आणि उन्हाळ्याच्या जागी हिवाळा, दोन्ही एकाच वेळी. असे निसर्गात होत नाही, पण तारांत होते. वर्गातील एका मुलीने लगेच विचारले, “सर, मग अर्ध्या चक्राचा उशीर आणि उलट हे एकच का नाही?” एकाच स्वराची सरळ, अखंड तान असेल तर ते एकसारखेच दिसेल. पण ढोलकीच्या एका थापेत शेकडो स्वर असतात आणि ती थाप एका क्षणी सुरू होते. उलटी रेघ त्याच क्षणी सुरू होते, उशिराची रेघ नंतर. प्रश्न उत्तम होता आणि उत्तर देताना मला फळ्यावर तीन वेळा आकृती काढावी लागली.

याच फरकावर त्या दिवशी तपासणी केली. पाचही माइक एका ठिकाणी, समान अंतरावर ठेवले आणि समोर एक टाळी वाजवली. पडद्यावर पाच रेघा उमटल्या. सर्वांची सुरुवात एकाच वेळी झाली, कारण अंतर एकच होते. चौघांची पहिली उसळी वर होती, मुलांसमोरच्या दोन माइकांपैकी एकाची खाली. त्याची केबल उघडली तेव्हा २ आणि ३ क्रमांकाच्या टोकांचे डाग अदलाबदल झालेले सापडले. कोणत्या टोकावर धन बाजू घ्यावी याविषयी जगभर बराच काळ एकवाक्यता नव्हती. काही अमेरिकन यंत्रे ३ क्रमांकाला धन मानत. ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीने १९९२ साली मानक काढून २ क्रमांकाचे टोक धन ठरवले. आपली केबल मात्र या वादातून उलटलेली नव्हती. ती डाग देणाऱ्याच्या घाईने उलटली होती. डाग काढून पुन्हा लावले, प्रश्न मिटला.

मग माइक आपापल्या जागी गेले. आता विचार असा करावा लागला की डावा आणि उजवा यांच्यापैकी एकाला उलटवायचे, तर कोणाला? दोघांपुरते पाहिले तर कोणालाही उलटवले तरी फळ तेच. पण समोरच्या माइकलाही धुमेची थाप ऐकू येते, आणि मोठी पुडी आत गेल्यावर त्यालाही प्रथम विरळ हवाच कळते, डाव्या माइकप्रमाणे. म्हणजे डावा आणि समोरचा स्वभावतः एका बाजूचे, उजवा विरुद्ध. पहिल्या खेपेस डावा उलटवल्याने तो समोरच्याच्या विरोधात गेला होता. बटण उजव्याचे दाबले. शाईच्या बोलांत यामुळे समोरच्याशी थोडा विरोध येतो हे खरे, पण ते बोल उंच स्वरांचे. त्यांची आवर्तने इतकी लहान असतात की मीटरभर अंतरावर त्यांच्या कला अशाही विस्कटलेल्या असतात. घुमाऱ्याचे तसे नसते. ज्याच्यावाचून गाणे उभे राहत नाही, त्याला धरून निर्णय घेतला.

उरला उशीर. संगणकावर समोरच्या माइकची पट्टी अडीच मिलिसेकंद पुढे ओढता आली असती, आणि मुलगा तेच करणार होता. मी त्याला विरोध केला नाही, पण विज्ञानाच्या सरांनी विचारले की समोरच्या माइकमध्ये मुलांचे आवाजही आहेत, ते ढोलकीसाठी पुढे ओढले तर मुलांच्या स्वतःच्या माइकांशी त्यांचा मेळ राहील का? एक ओढले की दुसरे ताणले जाते. त्यापेक्षा माइकच हलवावा असे ठरले. मुलगा हेडफोन लावून बसला, दोन्ही कानांत एकच मिश्र आवाज घेऊन, आणि दहावीच्या एका विद्यार्थ्याने समोरचा माइक बोट-बोट अंतराने ढोलकीकडे सरकवत नेला. काकाजी एकच ठेका वाजवत राहिले. अर्ध्या मीटरपाशी मुलाने हात वर केला. हिशेबही तेच सांगत होता: फरक आता ३५ सेंटिमीटरचा, उशीर एका मिलिसेकंदाचा, पहिली खाच २०० वरून ५०० वर गेलेली, शंभराच्या आसपासचा घुमारा मोकळा. समोरच्या माइकचा जोर थोडा कमी केला आणि ५०० ची खाचही बोचेनाशी झाली. मुलांसमोरचे दोन माइक एकमेकांपासून, ते मुलांपासून जेवढ्या अंतरावर होते त्याच्या तिप्पट दूर नेले. हा कामगारांचा ठोकताळा आहे, आणि तो उशीर घालवत नाही, फक्त शेजारच्या माइकमध्ये जाणारा आवाज इतका दुबळा करतो की भांडण ऐकू येऊ नये.

असे अनेक माइक लावून ढोलताशे मुद्रित करण्याची उठाठेव तशी अलीकडचीच. १९०२ साली कलकत्त्यात गौहर जानचे गाणे मुद्रित झाले तेव्हा माइक नव्हताच, एक कर्णा होता. सर्वांना त्या एकाच तोंडासमोर उभे राहावे लागे, आणि कोण जवळ, कोण लांब यावरच मिश्रण ठरे. माइकने मुद्रण करण्याची पद्धत १९२५ नंतर रुळली. एकच कान असेपर्यंत दोन साक्षींचा मेळ घालण्याचा प्रश्न उद्भवत नव्हता. दोन कानांसाठी दोन माइक कसे ठेवावेत याचे एकस्व इंग्लंडच्या अॅलन ब्लमलाइनने १९३१ मध्ये मागितले. त्यात दोन्ही माइक जवळपास एकाच ठिकाणी ठेवण्याची युक्ती आहे, म्हणजे उशिराचा प्रश्न मुळातच उरत नाही. आजच्या पाश्चात्त्य ड्रमसंचाभोवती आठ-दहा माइक सहज असतात, आणि तरीही काही नावाजलेले मुद्रक चारांवर थांबतात. ग्लिन जॉन्स या इंग्रज मुद्रकाच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या पद्धतीत वरचे दोन माइक साइड ड्रमच्या मध्यापासून दोरीने मोजून समान अंतरावर ठेवतात. दोरीने मोजणे मला फार आवडले. आमच्या सभागृहातही शेवटी सुतळीचाच उपयोग झाला.

आणखी एक गोष्ट आपल्या नागपूरकरांसाठी. तबला-मृदंगाच्या शाईमुळे कातड्याचे स्वर सुरेल कसे होतात, याचा शोध चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी घेतला आणि १९२० साली ‘नेचर’मध्ये शिवकाली कुमार यांच्यासह तो मांडला. त्याच्या दहा वर्षे आधी, १९१० मध्ये, हेच रामन वित्त खात्याचे अधिकारी म्हणून काही काळ नागपुरात नोकरीला होते. पाठ्यपुस्तकात त्यांचे नाव प्रकाशाच्या विकिरणापाशी येते, ढोलकीपाशी येत नाही.

दुसरे मुद्रण पूर्ण झाले तेव्हा दुपार टळली होती. या वेळी गाणे हेडफोनात कोणालाच ऐकवले नाही. सभागृहातला जुना भोंगा लावला, एकाच तोंडाचा, आणि समितीच्या सदस्यांना मागच्या बाकांवर बसवले. पहिल्या कडव्यानंतर धुम आली. वसतिगृहाची लहान मुले मागे उभी होती. त्यांनी काही न सांगता ठेक्यावर टाळ्या धरल्या. ज्यांनी हात उतरल्याचे म्हटले होते, ते उठून काकाजींजवळ गेले आणि त्यांचा डावा हात हातात घेऊन बराच वेळ उभे राहिले. काय बोलणे झाले ते मला ऐकू आले नाही. ऑक्टोपॅडचा विषय पुन्हा निघाला नाही. काकाजींनी ढोलकी खोळीत घातली आणि मुलाला विचारले, “बाबू, तुह्या मशीनचा हात बसला का आता?”

पाचही गाण्यांच्या मूळ पट्ट्या, म्हणजे प्रत्येक माइकची वेगळी, एकमेकींत न मिसळता, ग्रंथालयातील संगणकावर आणि एका स्वतंत्र डिस्कवर ठेवलेल्या आहेत. मिसळलेले गाणे पुन्हा सुटे करता येत नाही; सुट्या पट्ट्या असतील तर उद्या आमच्यापेक्षा चांगल्या कानाचा कोणी त्यांचा नवा मेळ घालू शकेल. डिस्कसोबत एक वही आहे. तीत तारीख, गाण्याचा क्रम आणि पुढील नोंद आहे: डावा माइक पुडीपासून १५ सेंटिमीटर, सुलटा. उजवा १५ सेंटिमीटर, उलटा. समोरचा ५० सेंटिमीटर, सुलटा. मुलांचे दोन, केबल तपासलेल्या. चौथ्या गाण्याच्या शेवटी मालगाडी आहे, ती काढू नये. तिच्यावरच काकाजींची शेवटची तिहाई आहे.